कोथिंबिरीचे दोन रुपये, पंख्याचे दोनशे

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालून दोन रुपये सोडवून आणणारा माणूस घरी येतो, घाम पुसत पंख्याचं बटण दाबतो आणि तोच पंखा दर महिन्याला आपल्याकडून दोनशेच्या वर रुपये जास्तीचे घेतोय, हे त्याच्या गावीही नसतं. भाजीवाली समोर उभी असते, तिच्याशी बोलता येतं. पंखा छताला टांगलेला असतो आणि त्याचं बिल महिन्यातून एकदाच, तेही बाकीच्या सगळ्यात मिसळून येतं. घरखर्चातले बरेचसे पैसे असेच जातात. ज्या क्षणी खर्च होतो त्या क्षणी तो दिसत नाही आणि दिसतो तेव्हा कशाचा ते कळत नाही.

काटकसरीचे सल्ले मात्र बहुतेक दिसणाऱ्या खर्चावरच तुटून पडतात. बाहेरचा चहा सोडा, हॉटेल बंद करा, सिनेमा घरी बघा. त्यात चूक काही नाही. पण रोज मन मारून केलेली बचत फार काळ तग धरत नाही. दिवाळी आली की बांध फुटतो आणि साठलेलं सगळं एका आठवड्यात वाहून जातं. त्यापेक्षा एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसायचं, एखादी गोष्ट बदलायची आणि विसरून जायचं, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. म्हणून या लेखात एकदाच कराव्या लागणाऱ्या गोष्टींना झुकतं माप दिलं आहे.

सुरुवात विजेच्या बिलापासून करू, कारण तिथे हिशेब सगळ्यात स्वच्छ मांडता येतो. महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वीज नियामक आयोग दर बदलत असतो, पण गेल्या काही वर्षांत दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, की दुसऱ्या टप्प्यातलं एक युनिट बारा-तेरा रुपयांपर्यंत जातं. एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. वापर १०१ युनिट झाला की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पहिली १०० युनिटं पहिल्याच दराने लागतात, फक्त पुढची महाग होतात.

यातून निघणारी गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं. १८० युनिटं वापरणाऱ्या घराने २० युनिटं वाचवली, तर ती १८० पासून खाली येताना वाचतात, म्हणजे सगळीच्या सगळी महागड्या टप्प्यातली. बिलाला युनिटांनी भागून 'आम्हाला आठ-नऊ रुपयांनी वीज पडते' असा हिशेब करणाऱ्याला बचतीची किंमत कायम कमीच दिसणार.

आता पंखा. साधा जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो. तो दिवसाला १५ तास फिरला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिटं होतात. 'बीएलडीसी' मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे साडेतेरा युनिटांत. फरक वीस युनिटांचा, दुसऱ्या टप्प्यातल्या घराला दोनशे चाळीस ते दोनशे साठ रुपयांचा. असा पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो, म्हणजे वर्षभरात पैसे फिटतात आणि पुढची दहा वर्षं नफ्याची. पण घरातले सगळे पंखे बदलायला धावू नये. बैठकीच्या खोलीतला आणि झोपायच्या खोलीतला, असे जे रात्रंदिवस फिरतात तेवढेच बदलावेत. पाहुणे आले तरच चालू होणारा पंखा बदलून त्याचे पैसे याच जन्मात वसूल होतील असं नाही. आणि जुन्या घरांत भिंतीवर तो मोठा डब्यासारखा रेग्युलेटर अजून असतो. त्याने पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही. उरलेली वीज त्या डब्यातच तापून वाया जाते. हात लावून बघा, गरम लागतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंख्याच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो.

याउलट, रिकाम्या खोलीत दिवा चालू राहिला म्हणून मुलांवर ओरडणारे वडील अजून घरोघरी आहेत. ६० वॅटचा पिवळा बल्ब होता तेव्हा ते ओरडणं रास्त होतं. आताचा ९ वॅटचा एलईडी दहा तास विनाकारण जळत राहिला तरी एक रुपया, फार तर सव्वा रुपया जातो. त्याच घरात गिझर दहा मिनिटं जास्त चालला तर चार रुपये गेले, पण त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. पाणी तापवणं हे विजेचं सगळ्यात जड काम. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतं. चौघांच्या आंघोळी म्हणजे महिन्याला चाळीसेक युनिटं, आणि तेही गिझर आंघोळीच्या वेळेपुरताच चालवला तर. सकाळी सहाला लावून नऊला बंद करणाऱ्या घरात टाकीतलं पाणी थंड होत राहतं आणि पुन्हा पुन्हा तापत राहतं. वरची गच्ची आपली असेल तर सौर बंबाइतका चोख सौदा घरात दुसरा नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी निदान गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास आणून ठेवावा; ६५ अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्यात शेवटी आपणच थंड पाणी ओततो.

एसीबद्दल थोडक्यात. २०२० च्या जानेवारीपासून तारांकित एसी सुरू केल्यावर आपोआप २४ अंशांवर येतात, ते सरकारने ठरवून दिलं म्हणून. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि वर मंद पंखा, हे १८ अंश आणि अंगावर गोधडी यापेक्षा सुखाचंही आहे. फ्रिज किंवा एसी घेताना तारे मोजू नका, तार्‍यांखालची वर्षाची युनिटं वाचा. ब्यूरो दर काही वर्षांनी निकष कडक करतो, त्यामुळे जुन्या साठ्यातले पाच तारे आजच्या तीन-चार तार्‍यांच्या बरोबरीचे असू शकतात. युनिटांच्या आकड्याला मात्र अशी पळवाट नाही.

स्वयंपाकघरात आपल्याकडे एक पद्धत आधीपासून आहे, तिचं कौतुक व्हायला हवं. मराठी घरात 'कुकर लावणं' म्हणजे तळाशी पाणी, त्यावर डाळीचं भांडं, त्यावर भाताचं, आणि जागा उरली तर वर दोन बटाटे. एकाच आचेवर तीन पदार्थ. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ झपाट्याने शिजते. शिट्ट्या मोजण्याची सवय मात्र खर्चिक आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता ते पाणी पूर्ण वाफ करून उडवायला लागते. शिट्टी म्हणजे ती वाफ, आपल्या पैशाने तापवून खिडकीबाहेर सोडलेली. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी. दाब टिकला म्हणजे तापमान टिकलं आणि तापमान टिकलं म्हणजे पदार्थ शिजतोय. मोठ्या आचेवर तो लवकर शिजत नाही, फक्त जास्त शिट्ट्या होतात. उघड्या पातेल्यातल्या उसळीचंही तेच. एकदा उकळी फुटली की खालची आच कितीही वाढवली तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. झाकण ठेवा, आच कमी करा. डाळ-कडधान्य तासभर आधी भिजवलं तर आणखी बरं, पण हे सांगायची गरज ज्यांना आहे ते तासभर आधी घरी नसतात, हेही खरं.

दुधाच्या सायीचं तूप फुकट पडतं, हा आपला आणखी एक लाडका समज. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅम जास्त. सगळाच्या सगळा हाती आला तर वीसेक रुपयांचं तूप. पण हाताने काढलेल्या सायीत सगळा कधी येत नाही, आणि फुल क्रीमसाठी लिटरमागे दहा-पंधरा रुपये आपण आधीच मोजलेले असतात. वर लोणी कढवायचा गॅस. घरचं तूप करावं ते वासासाठी, रवाळपणासाठी, बेरीला साखर लावून खाण्यासाठी. बचतीचं कारण पुढे करू नये.

किराणा दुकानात आता डोळे उघडे ठेवून वागावं लागतं, कारण पाकिटांची वजनं चळली आहेत. पूर्वी ठरावीक जिनसा ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकाव्या लागत. ती सक्ती काही वर्षांपूर्वी उठली. याचा सगळ्यात चलाख उपयोग खाद्यतेलात झाला. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि पिशवीवर तसं लिहिलेलं असे. आता शेजारी शेजारी ठेवलेल्या, दिसायला जुळ्या पिशव्यांपैकी एकीत ९१० ग्रॅम असतात, दुसरीत ८५०, तिसरीत ८०० किंवा ७५०. दर दोन-पाच रुपयांनी कमी दिसतो आणि हात त्याच पिशवीकडे जातो. ८०० ग्रॅमची पिशवी खरोखर स्वस्त पडायची तर ती ९१० ग्रॅमच्या पिशवीपेक्षा निदान १२ टक्क्यांनी स्वस्त हवी, म्हणजे दीडशेच्या पिशवीमागे अठरा रुपयांनी. तेवढी क्वचितच असते. बिस्किटांच्या आणि फरसाणाच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत तर किंमत तशीच ठेवून आतला माल कमी होतो आणि हवा वाढते.

यावर उपाय कायद्यानेच दिलेला आहे. पाकिटावर छापील किमतीशेजारी ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात, हे छापणं आता बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, चष्मा लागतो, पण तो एक आकडा बाकीच्या सगळ्या रंगरंगोटीला पुरून उरतो. तो वाचायची सवय लागली की काही धक्के बसतात. मोठं पाकीट स्वस्त, हे आपण गृहीत धरतो. साबणाच्या पावडरीत, चहात, तांदळात ते बहुधा खरंही असतं. पण शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या हिशेबात त्याच शाम्पूच्या बाटलीपेक्षा पुष्कळदा कितीतरी स्वस्त पडते. कंपन्यांनी ती गावाकडच्या, रोजंदारीवरच्या गिऱ्हाइकासाठी काढली आणि त्या बाजारात स्पर्धा तीव्र आहे, त्यामुळे भाव दाबलेले राहिले. बाटली घेणारा मध्यमवर्गीय बाटलीचे आणि प्रतिष्ठेचे पैसे देतो. पुडीचं प्लास्टिक नाल्यात जाऊन तुंबतं हा तिचा दुसरा हिशेब, तो पाकिटावर छापलेला नसतो.

आणि 'दोनवर एक मोफत'चा मोह. तिसरी वस्तू घरात लागणार असेल तर घ्या, नाहीतर तिसरी मोफत मिळवण्यासाठी दुसरी विनाकारण विकत घेतलीत इतकंच.

हंगाम साधणं ही बचतीची सगळ्यात जुनी रीत आणि तिच्यामागे साधं अर्थशास्त्र आहे: माल बाजारात एकदम येतो तेव्हा भाव पडतो, आणि साठवणुकीचा खर्च व्यापाऱ्याऐवजी आपण उचलला तर तो फरक आपला. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, चिंच आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी, गहू मार्चपासून मेपर्यंत. म्हणून आपल्या आज्यांचा एप्रिल-मे महिना गच्चीवर जायचा. गहू कडक उन्हात असा वाळवायचा की दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. दाण्यात ओल राहिली नाही तर किडीला वाढायला वाव मिळत नाही. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा. कोकणात पावसाळ्याआधी 'आगोट' भरतात, तांदूळ-मीठ-मसाल्याबरोबर सुके बोंबील, जवळा आणि सोडे येतात, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताज्या मासळीचे भाव विचारायची सोय नसते. गोव्यात यालाच 'पुरुमेंत' म्हणतात. मडगावला मे महिन्याच्या सुमारास त्याचं फेस्तच भरतं, तिथे मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी आणि वर्षभराचं मीठही मिळतं.

पण वर्षाचा गहू भरणं आज प्रत्येकाला परवडेल असं मी म्हणणार नाही. एकरकमी आठ-दहा हजार रुपये हाताशी हवेत, कोठी ठेवायला जागा हवी आणि वाळवायला ऊन हवं. मुंबईतल्या एका खोलीत तीन पोती गहू ठेवून माणसांनी कुठे झोपायचं? ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला स्वस्त मिळतं आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग, हा बाजाराचा जुनाच न्याय. जागा नसेल त्यांनी निदान दोन गोष्टी साधाव्यात. एक म्हणजे मसाला: मिरची-धने हंगामात घेऊन डंकावर कुटून आणलेलं चार किलोंचं तिखट एका बरणीत मावतं. दुसरी म्हणजे कांदा. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये लासलगावला ढिगाने येतो आणि नीट सुकलेला असेल तर चार-पाच महिने टिकतो. भाव बहुधा सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चढतात, जुना संपत आलेला आणि नवा अजून शेतात असतो तेव्हा. बाल्कनीत जाळीच्या पिशवीत, हवा खेळती ठेवून, एक-दोन पाट्या कांदा ठेवता आला तर त्या दिवसांत बातम्या शांतपणे बघता येतात. खाली सडका एक निघाला की लगेच काढायचा, आणि बटाट्यांशेजारी ठेवायचा नाही.

जागेचा आणि पैशाचा प्रश्न एकट्याने सुटत नाही तो चारचौघांनी मिळून सुटतो, हे महाराष्ट्राने आधीच करून दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्याच काळात दुसऱ्या बाजूने ग्राहक चळवळ उभी राहत होती. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची वितरणाची पद्धत मला फार हुशारीची वाटते. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधीच एकत्र नोंदवतात, संस्था सगळ्यांची मिळून घाऊक खरेदी करते, माल संघातल्या एखाद्याच्या घरी येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, पगारी विक्रेते नाहीत, विकला न गेलेला माल नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की यादी घरात बसून, पोट भरलेलं असताना केलेली असते. दुकानातल्या मांडणीला भुलून टोपलीत पडणाऱ्या वस्तू त्यात येत नाहीत. आज सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर देवगडच्या पेट्या किंवा नाशिकची द्राक्षं थेट बागेतून मागवतात, तेव्हा नकळत हेच चालू असतं. आंब्यापुरतं जमतं ते तूरडाळीला का जमू नये, कळत नाही. बहुधा डाळीच्या पेटीचे फोटो टाकता येत नाहीत म्हणून.

प्रवासाचा खर्च सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. लोकलचा तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो आणि एसटीत महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, एवढं ध्यानात असलं तरी पुरे. औषधांचं मात्र सांगायला हवं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घ्याव्या लागतात, म्हणजे हा किराण्यासारखाच कायमचा खर्च. त्याच औषधाची जनऔषधी केंद्रातली किंमत नावाजलेल्या कंपनीच्या गोळीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. डॉक्टरांकडे गेल्यावर औषधाचं मूळ नाव लिहून मागावं आणि बदलायचं का, हे त्यांनाच विचारावं. ते विचारायचा संकोच आपल्याला फार असतो. डॉक्टरला काय वाटेल, या भीतीची किंमत महिन्याला पाच-सातशे रुपये पडू शकते.

आता जो खर्च हल्लीच घरात शिरलाय त्याकडे वळतो. पूर्वी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत घराचा निम्मा हिशेब मांडलेला असायचा. दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, गॅसचा सिलिंडर लावला ती तारीख. सिलिंडर चाळीस दिवसांऐवजी बत्तीसच दिवसांत संपला की चौकोनाकडे बघून लगेच कळायचं, आणि मग पाहुणे होते की बर्नर पिवळा जळतोय याचा तपास व्हायचा. मोबाईलमधले खर्च अशा कोणत्याच चौकोनात येत नाहीत. सिनेमा-मालिकांची दोन-तीन अॅप्स, गाण्यांचं एक, फोटो साठवायला जागा, मुलाच्या गणिताचं एक जे तो उघडतही नाही, असे सगळे मिळून महिन्याला हजार-बाराशे सहज होतात आणि आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तसा संदेश यावा लागतो. तो येतो, पण ओटीपी आणि लॉटरीच्या गर्दीत बुडून जातो. यूपीआयच्या अॅपमध्ये 'ऑटोपे' नावाची यादी असते. ती एकदा उघडून बघा. जे ओळखूही येत नाही ते बंद करा, जे महिनाभर उघडलं नाही तेही बंद करा. पुन्हा हवंसं वाटलं तर दोन मिनिटांत सुरू होतं. कंपन्या त्या बाबतीत फार तत्पर असतात.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरची 'किमान देय रक्कम' हा तर पद्धतशीर सापळा. समजा २०,००० रुपये बाकी आहेत, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे १,००० आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. भरलेल्या हजारातले ८२६ तिथेच गेले, मूळ बाकी फक्त १७४ रुपयांनी उतरली. वर, पूर्ण बाकी फेडेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याची भाजीसुद्धा व्याजाने येते. ज्याची अशी बाकी आहे त्याने वर लिहिलेलं पंख्याचं आणि कांद्याचं सगळं बाजूला ठेवावं. बचत खात्यातल्या पैशाला अडीच-तीन टक्के मिळतात आणि कार्डावर वर्षाला बेचाळीस जातात; खात्यातले काढून आधी हे भरावं, अगदी एखादी ठेव मोडावी लागली तरी.

'नो कॉस्ट ईएमआय' त्या मानाने सोज्वळ, पण फुकट नव्हे. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बंद करायला सांगितल्या. तेव्हापासून रचना अशी झाली: बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढीच सवलत किमतीत देतो आणि बेरीज शून्य दाखवतो. पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो, प्रक्रिया शुल्क वेगळं, आणि रोख घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती तिच्यावर पाणी सोडावं लागतं. दुकानदाराला फक्त एक प्रश्न विचारून पाहावा: आत्ता सगळे दिले तर किती? उत्तरातला फरक हेच त्या 'नो कॉस्ट'चं मोल.

एवढं सगळं करून महिन्याला हजारभर रुपये वाचले, तर ते कुठे गेले हे महिनाअखेरीला सांगता येत नाही, हा बहुतेकांचा अनुभव. वाचलेला पैसा खात्यात वेगळा उठून दिसत नाही. बाकी जरा बरी दिसते आणि आपण जरा सैल होतो. आपल्या बायकांची भिशी नेमकी यावरच उभी आहे. तिच्यात व्याज नसतं, पण दहा जणींसमोर दर महिन्याला पैसे काढून ठेवायची सक्ती असते आणि एक दिवस मोठी रक्कम हाती येते. ओळखीतली, लहान रकमेची भिशी चांगलीच, फक्त रक्कम वाढली आणि ओळख पातळ झाली की धोका वाढतो, कारण कोणी मधेच हात वर केले तर दाद मागणं अवघड.

तीच सक्ती व्याजासकट हवी असेल तर पोस्टाचं आवर्ती ठेव खातं आहे. मुदत पाच वर्षं, महिन्याला किमान १०० रुपये. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच्या ६.७ टक्के दराने महिन्याला १,००० भरले तर पाच वर्षांत भरलेल्या ६०,००० चे ७१,००० च्या वर होतात. खातं उघडाल त्या दिवशीचा दर पुढची पाच वर्षं तोच राहतो. खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलं तर हप्त्याची शेवटची तारीख दर महिन्याला १५ असते, नंतर उघडलं तर महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. पगार एक तारखेला होत असेल तर पहिल्याच पंधरवड्यात उघडा. महिनाअखेरीला हप्ता भरायला पैसे शोधत बसावं लागत नाही. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड पडतो. बारा हप्ते भरून झाले की जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. ऐन उन्हाळ्यात फ्रिजने मान टाकली, तर कार्डाचे बेचाळीस टक्के मोजण्याआधी पासबुक घेऊन पोस्टात जाऊन यावं.